सहाशे ट्राउट आणि तीन दिवसांचा कायदा

टॅनर्सकिलच्या बाल-मासेमारी दिन समितीचा अध्यक्ष म्हणून माझी निवड झाली, ती एकमतानं झाली. एकमतानं म्हणजे त्या बैठकीला आम्ही तिघंच होतो, दोघांनी "आपल्याला जमणार नाही बुवा" म्हणून हात वर केले आणि तिसरा मी होतो. पण एकमत ते एकमत. बावीस वर्षं मी सरकारी मत्स्यबीज केंद्रात कारकुनी करतोय. एवढ्या काळात माझ्या नावाला 'अध्यक्ष' सोडाच, धड 'मिस्टर'सुद्धा कुणी लावलं नव्हतं. गावात कुणाला विचारलं, "लेनर्ड श्राइव्हर कोण हो?" तर लोक म्हणायचे, "तो नाही का, बर्निसचा नवरा."

काम तसं एवढंसं होतं. आमच्या केंद्रातले सहाशे ट्राउट मासे उचलायचे, चार मैलांवरच्या गावतळ्यात सोडायचे आणि एप्रिलच्या पहिल्या शनिवारी पोरांनी ते गळाला लावायचे. एकोणपन्नास वर्षं हे चाललं होतं. केंद्राचा ट्रक यायचा, मागचा पाइप तळ्यात सोडायचा, दहा मिनिटांत खेळ आटोपायचा. मी घरी म्हणालोसुद्धा, "बर्निस, अध्यक्षाला यात करण्यासारखं काही नाहीच. मी आपली एक टोपी करून घेतो."

"घे," बर्निस म्हणाली. "आणि अध्यक्ष झाल्यापासून कचऱ्याचा डबा बाहेर कुणी न्यायचा, त्यासाठी एक समिती नेम."

टोपी शिवून आली. तिच्यावर निळ्या दोऱ्यानं 'अध्यक्ष' असं भरलं होतं. आणि नेमका त्याच आठवड्यात राज्याचा अर्थसंकल्प अडकला.

आमच्या राज्याचं आर्थिक वर्ष एक एप्रिलला सुरू होतं आणि ट्राउटचा हंगामही एक एप्रिललाच. यातली एकच गोष्ट दरवर्षी वेळेवर सुरू होते आणि ती माशांच्या हातात आहे. दुसरी राजधानीतल्या लोकांच्या हातात असते. त्यांचं एकमेकांत जमलं नाही की ते चार-पाच दिवसांपुरतं एक तात्पुरतं बिल काढतात. सरकार अगदी बंद पडू नये म्हणून लागेल तेवढाच खर्च त्यात मंजूर असतो. ते संपलं की दुसरं काढतात, मग तिसरं. आमच्या कचेरीत त्याला 'वाढीव' म्हणतात. "यंदा किती वाढीवं लागतील?" यावर आमच्याकडे डोनटच्या पैजा लागतात. एका वर्षी अकरा लागली होती. त्या वर्षी मी सहा पौंडांनी वाढलो.

यंदाचं पहिलं वाढीव तीन दिवसांचं निघालं, मंगळवार ते गुरुवार. पगार मंजूर. आणि 'राज्याच्या ताब्यातील व्यक्ती व प्राणी यांचे भरणपोषण व सुरक्षितता' मंजूर. बाकी सगळं बंद. आमचे साहेब, रे डिलेनी, यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "लेन, माशांना खायला घालता येईल. कुठं नेता येणार नाही. ट्रकची किल्ली मी कुलपात ठेवलीय."

"पण साहेब, शनिवारी पोरांचा..."

"मला निवृत्त व्हायला अठरा महिने राहिलेत," साहेब म्हणाले. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं हेच उत्तर असतं. गेल्या वर्षी तीस महिने म्हणायचे.

आता दुसऱ्या कुठल्या वर्षी असतं तर दिवस महिनाभर पुढे ढकलला असता. पण हे पन्नासावं वर्ष होतं आणि मधे मिस हुल्डा होत्या.

मिस हुल्डा टेन आइक या आमच्या शेजारी. वय वर्षं शहाऐंशी. गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी चौथीत शिकवलंय. त्यामुळे गावात साठीच्या आतला जो कुणी त्यांना रस्त्यात भेटतो, तो आधी नखं लपवतो. एकोणपन्नास वर्षांपूर्वी वर्गातल्या एका मुलीनं 'मासा' या विषयावर निबंध लिहिला आणि त्यात माशाला चार पाय काढले. दुसऱ्या दिवशी मिस हुल्डांनी अख्खा वर्ग तळ्यावर नेला. तोच पहिला बाल-मासेमारी दिन. आता त्यांनी घर विकलं होतं आणि रविवारी सकाळी त्या भाच्याकडे फ्लोरिडाला कायमच्या जायच्या होत्या. एवढा शनिवार बघायचा म्हणून त्यांनी तिकीट एक आठवडा लांबवलं होतं.

मी कुंपणापाशी उभा राहून त्यांना वाढीवाची हकिगत सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली.

"लेनर्ड," त्या म्हणाल्या, "चौथीत भूगोलाच्या वहीत तू प्रत्येक धड्याखाली काय लिहायचास?"

"'उर्वरित उद्या', मिस."

"तेव्हा मला वाटायचं, या मुलाचं पुढं कसं होणार. सरकारात लागलास ते बरं झालं." एवढं बोलून त्या आत गेल्या. मग दार पुन्हा उघडलं. "माझे मासे शनिवारी तळ्यात पाहिजेत."

मंगळवारी सकाळी मी राजधानीला फोन लावला. खर्च-मंजुरी कक्षात मिस ॲबरनॅथी नावाच्या एक बाई होत्या. आवाज इतका गोड, की त्यांनी नकार दिलाय हे मला दोन मिनिटांनी कळायचं.

"मासे तळ्यात सोडणं म्हणजे वितरण," त्या म्हणाल्या. "वितरण हा कार्यक्रम-खर्च. भरणपोषणात तो येत नाही, मिस्टर श्राइव्हर."

त्यांनी मला मिस्टर म्हटलं. मी खुर्चीत सरळ बसलो.

"मॅडम, हे मासे एप्रिलमध्ये सोडायचे म्हणून वाढवलेले आहेत. हौदात आता इंच जागा नाही. हवा तापली की पाण्यातला प्राणवायू कमी होतो. मासे तोंड वर काढून उभे आहेत हो!" हे खोटं नव्हतं. फक्त केंद्रात एकूण चाळीस हजार मासे आहेत आणि मी सहाशेच हलवणार आहे, हे मी बोललो नाही. त्यांनी विचारलंही नाही.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "म्हणजे त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे का?"

"जिवाचा प्रश्न आहे!"

"मग कलम चारखाली त्यांना तात्पुरत्या निवाऱ्यात हलवता येईल. पण राज्याचा एक सेंटही खर्च होता कामा नये. ट्रक नाही, डिझेल नाही. आणि मासे राज्याच्याच ताब्यात राहतील हं. निवाऱ्याचं नाव सांगता?"

"टॅनर्सकिल गावतळं," मी म्हणालो. माझ्या अंगावर काटा आला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी एका कलमातून वाट काढली होती! फोन ठेवला. साहेबांना जाऊन सांगितलं, तर ते म्हणाले, "अठरा महिने, लेन."

आता सहाशे जिवंत मासे ट्रकशिवाय न्यायचे कसे? ट्राउट हा मासा फार नाजूक. पाणी गार पाहिजे, हलतं पाहिजे आणि स्वच्छ पाहिजे. मी गावात नुसता विषय काढायचा अवकाश, सल्ल्यांचा पाऊस पडला. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, पार्सलनं पाठवा. एकजण म्हणाला, मासे पोहतात ना, मग ओढ्यातून हाकलत न्या. त्याला मी सांगितलं की ओढा उलट्या दिशेला वाहतो. तो म्हणाला, "मग तळंच इकडं आणा." माझा मेहुणा दोन राज्यं पलीकडं राहतो. त्यानंही फोन करून सांगितलं, की तो असता तर हे केव्हाच झालं असतं.

खरा धावून आला तो ड्वेन ऑस्टरहाउट. ड्वेन आमच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा प्रमुख. एरवी मेपलच्या झाडांचा गोड रस गोळा करून त्याचा पाक काढून विकतो. तो म्हणाला, "माझी रसाची टाकी आहे, ट्रॅक्टरच्या मागं लागते. दुधाचे कॅन गोठेवाल्यांकडून आणू. आणि चर्चचा बाप्तिस्म्याचा हौद आहे ना, फायबरचा? तो गवताच्या गाडीवर चढवू."

"पाद्री देतील?"

"त्यांनीच सुचवलंय. फक्त कुणी विचारलं तर मासे कुठल्या पंथाचे ते सांगू नका म्हणालेत."

गुरुवारी सकाळी आमचा ताफा निघाला. काय तो थाट! पुढं ड्वेनचा ट्रॅक्टर, त्याला रसाची टाकी. मागं पिकअप गाड्यांमध्ये बावीस दुधाचे कॅन. शेवटी गवताची गाडी, तिच्यावर बाप्तिस्म्याचा हौद आणि हौदाला धरून मी, डोक्यावर टोपी घातलेला. रस्त्याच्या कडेनं अजून बर्फाचे मळकट ढीग होते, पण ऊन स्वच्छ पडलं होतं आणि लोक दारात येऊन हात हलवत होते. मीही हलवत होतो. बर्निस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, तिथून ती ॲप्रनसकट बाहेर आली होती. तिच्याकडे बघून मी जरा जास्तच हलवला.

नेमका तिथंच चढ लागला.

चढाला हौदातलं पाणी मागं आलं, पाण्याबरोबर मासे आले आणि माशांना अडवायला मी वाकलो. पुढं काय झालं ते मला नीट आठवत नाही. कुणीतरी काढलेल्या फोटोत मात्र नीट दिसतं. पोस्टासमोर, भर चौकात, मी हौदात पाठीवर पडलोय, पाय वर आहेत आणि छातीवर एक ट्राउट माझ्याकडे बघतोय. पाणी इतकं गार होतं की माझ्या तोंडून आवाजच फुटेना. सहा मासे रस्त्यावर उड्या मारत होते. पोस्टातल्या बाईंनी ते टपालाच्या ट्रेमध्ये गोळा केले आणि आणून माझ्या अंगावर ओतले.

ड्वेन ट्रॅक्टर थांबवून धावत आला. "लेन, याच हौदात तुझा बाप्तिस्मा झाला होता ना? दोनदा झाला म्हणजे स्वर्ग पक्का!"

"मासे मोज आधी!" मी हौदातून ओरडलो.

तेवढ्यात त्याच्या कमरेला लावलेलं आगीची वर्दी देणारं यंत्र किंचाळलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी धुराड्यानं पेट घेतला होता. "आलोच!" म्हणत ड्वेन ट्रॅक्टर चालू ठेवून पळाला. त्याच्या पाठोपाठ पिकअप चालवणारे निम्मे गेले, कारण अग्निशमन दलातही तेच. दोनशे मासे रसाच्या टाकीत, रस्त्याच्या मधोमध, उन्हात. आणि माझ्या लक्षात आलं की टाकी नीट धुतलेलीच नाही. झाकण उघडून बोट बुडवून चाखलं, तर पाणी गोड!

माशांना साखर चालते की नाही, हे आमच्या केंद्राच्या कुठल्याच पुस्तकात नाही. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की वेळ घालवून चालणार नाही. मी ओल्या कपड्यांनिशी ट्रॅक्टरवर चढलो. ट्रॅक्टर मी आयुष्यात कधी चालवला नव्हता. दांडा ओढला तर तो मागं जायला लागला. परत ओढला तर जास्त जोरात मागं. सुदैवानं ट्रॅक्टर तळ्याचा फाटा ओलांडून पुढं आला होता, त्यामुळे तळ्याकडे जाणारा रस्ता मागच्याच बाजूला होता. मी मनाशी म्हटलं, दिशा बरोबर आहे, तोंड कुठंही असेना! असा अर्धा मैल मी उलटा गेलो. टाकी पुढं, ट्रॅक्टर मागं, त्यावर मी मान वळवून बसलेलो. टाकी दर वळणावर हवं तिकडं पळायची. शेजारून बर्निस ॲप्रन सावरत धावत होती आणि ओरडत होती, "डावीकडं! अरे, तुझं नाही, माझं डावं!"

तळ्याच्या काठावर मिस हुल्डा घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. आम्ही त्यांच्यापासून सहा फुटांवर थांबलो.

"लेनर्ड," त्या म्हणाल्या, "तुला सुलट यायला किती वेळ लागला असता?"

दुपारपर्यंत सहाशेच्या सहाशे मासे तळ्यात होते. एकही मेला नाही. गोड पाण्यातले दोनशे तर जरा जास्तच उत्साहात होते. पाण्याबाहेर दोन-दोन फूट उसळत होते. मी ब्लँकेट गुंडाळून काठावर उभा होतो, दातावर दात आपटत होते आणि मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. मी भिजलेली टोपी पिळून परत घातली.

शुक्रवारी सकाळी मिस ॲबरनॅथींचा फोन आला.

"मिस्टर श्राइव्हर, नवीन वाढीव निघालंय. सोमवारपर्यंतचं."

"अभिनंदन!" मी म्हणालो. माझा उत्साह अजून उतरला नव्हता.

"यात शब्द जरा बदललाय. आधी 'प्राणी' होतं. आता 'पशुधन' झालंय."

"मग?"

"मासे पशुधनात येत नाहीत." एक गोड सुस्कारा. "म्हणजे तुमचे मासे सध्या राज्याचे आहेत, पण राज्याला त्यांच्याशी काही देणंघेणं ठेवता येत नाही. अशी मालमत्ता उघड्यावर ठेवता येत नाही. सोमवारी दुपारपर्यंत ते मोजून केंद्रात परत न्यायचे. मोजणीला मी स्वतः येते, उद्या."

"उद्या? उद्या शनिवार आहे, मॅडम! पोरं गळ टाकायला येणार आहेत!"

"राज्याच्या मालमत्तेला गळ?" त्या म्हणाल्या, आणि या खेपेला नकार कळायला मला दोन मिनिटं लागली नाहीत.

मी घरी येऊन स्वयंपाकघराच्या टेबलावर डोकं टेकलं. त्र्याऐंशी पोरांनी नावं दिली होती. आगगाडीच्या डब्याएवढी जाहिरात लावली होती. बर्निस दुसऱ्या दिवशीच्या पॅनकेकचं पीठ कालवत होती. तिनं सगळं ऐकलं.

"एक सांग," ती म्हणाली. "तळ्यातले सहाशे मासे मोजायचे कसे?"

"जाळं टाकून."

"केंद्राचं जाळं वापरता येतं?"

"नाही. तो खर्च..." मी डोकं वर केलं.

"मग एकेक काढावा लागेल," बर्निस पीठ ढवळत म्हणाली. "पुष्कळ माणसं लागतील बाई. फुकटात काम करणारी."

बावीस वर्षांच्या संसारात मी तिला असं कडेवर उचललं नव्हतं. पीठ माझ्या कॉलरमधून पाठीपर्यंत गेलं.

शनिवारी सकाळी मिस ॲबरनॅथी उतरल्या. तीस-बत्तीसच्या असतील, पातळ तळव्यांचे शहरी बूट, हातात लिहायची पाटी. तळ्याच्या काठी त्र्याऐंशी पोरं गळ घेऊन उभी होती आणि प्रत्येकाच्या छातीवर मी पहाटे उठून लिहिलेली चिठ्ठी होती: 'सहायक मोजणीदार (मानद)'.

"हे काय, मिस्टर श्राइव्हर?"

"मोजणी, मॅडम. बिनखर्ची. प्रत्येक मासा हातात घेऊन. यापेक्षा पक्की मोजणी राज्यात कुठं झाली नसेल!"

त्यांनी पोरांकडे पाहिलं. पोरांनी त्यांच्याकडे पाहिलं. एक छोटी मुलगी म्हणाली, "बाई, आम्ही हळू काढू." मिस ॲबरनॅथींनी पाटीवरचं नियमांचं पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं आणि म्हणाल्या, "यात मोजणीचं साधन कुठलं ते लिहिलेलं नाही."

मिस हुल्डांनी शिट्टी फुंकली आणि जी काही धमाल उडाली! पाण्यात एकदम त्र्याऐंशी गळ. चौथ्या सेकंदाला पहिली किंकाळी, "लागला!" मी वही घेऊन धावतोय. "एक! दोन! अरे थांब, हा तिसरा की तोच दुसरा?" चिखलात माझा एक बूट राहिला, तो तसाच सोडून मी धावलो. एकाच्या गळात दुसऱ्याचा गळ, दुसऱ्याच्या गळात पाद्र्यांचा मफलर. दहा वाजता शंभर झाले. अकराला अडीचशे. मोजलेला मासा दुधाच्या कॅनमध्ये ठेवायचा असं ठरलं होतं, पण साडेअकराला कॅन भरले आणि मासे त्यात गुदमरायला लागले. मी मिस ॲबरनॅथींकडे पाहिलं.

"मॅडम, हे मरतील."

"मग सोडा त्यांना!" त्या ओरडल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच गोड नव्हता. त्या स्वतःच एका कॅनपाशी गुडघ्यावर बसल्या आणि तो तळ्यात ओतायला लागल्या.

सोडलेले मासे परत गळाला लागायला लागले. दोन वाजता माझ्या वहीत आकडा होता सातशे एकतीस.

मिस ॲबरनॅथी माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी वही दोनदा पाहिली. "तुम्ही सहाशे आणले होते."

"हो, मॅडम."

"आता सातशे एकतीस आहेत."

बावीस वर्षांत मी एकही चुकीचा आकडा वर पाठवलेला नाही. कान तापले. तेवढ्यात मागून घडीची खुर्ची करकरली.

"मुली," मिस हुल्डा म्हणाल्या, "मी एकेचाळीस वर्षं हजेरी घेतलीय. पळणारी पोरं मोजली की नेहमी जास्तच भरतात. तू लिही, सहाशेपेक्षा कमी नाहीत. आणि हे धर." त्यांनी आपला जुना बांबूचा गळ मिस ॲबरनॅथींच्या हातात दिला. "उभी काय राहिलीस? मनगट सैल सोड."

चौथीत नसूनही मिस ॲबरनॅथींनी मनगट सैल सोडलं. दोन मिनिटं गेली. मग गळाचं टोक पाण्यात घुसलं, त्यांचा पातळ बूट घसरला आणि त्या काठावरच्या चिखलात बसल्या, पण गळ सोडला नाही. सगळी पोरं भोवती गोळा झाली. "ओढा, बाई! सोडा! ओढा!" शेवटी त्यांनी तो मासा दोन्ही हातांनी छातीशी धरला. चिखलानं माखलेल्या, केस विस्कटलेल्या, आणि त्या अख्ख्या तळ्याला ऐकू जाईल अशा ओरडल्या:

"सातशे बत्तीस!"

मिस हुल्डा हसत होत्या. आवाज न करता, खांदे हलवत. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. चौथीतही नाही.

रविवारी सकाळी त्यांची गाडी निघाली तेव्हा अख्खा रस्ता उभा होता. मी एक छोटंसं भाषण तयार केलं होतं. खिडकीपाशी गेलो आणि पहिलं वाक्यच सापडेना. त्यांनी काच खाली केली, माझी नखं पाहिली आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी माशांचा अर्ज फेब्रुवारीत कर." मी मान हलवली. गाडी चढावर दिसेनाशी होईपर्यंत मी मान हलवत होतो.

आता राहिले ते मासे. सोमवारी दुपारी बाराच्या आत ते परत न्यायचे होते. ड्वेननं टाकी धुवून तयार ठेवली होती, या खेपेला दोनदा. साडेदहाला कचेरीत कागद आला: तिसरं वाढीव, तीन दिवसांचं. साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि निवृत्तीचा उल्लेखही न करता माझ्या हातात दिलं.

कलम चार. 'राज्याच्या ताब्यातील व्यक्ती व पशुधन, जलचरांसह, असतील तिथे.'

जलचरांसह, असतील तिथे! मी ते तीन वेळा वाचलं. मग उभा राहून वाचलं. मग फोन लावला.

"मॅडम, हे..."

"मसुदा लिहिणाऱ्यांपैकी एकजण माझ्याच मजल्यावर बसतो," मिस ॲबरनॅथी म्हणाल्या. "सकाळी मी त्याला तासभर सोडलं नाही. मिस्टर श्राइव्हर, मासे राहू द्या तिथंच." मग हळूच म्हणाल्या, "माझे बूट अजून वाळले नाहीत."

मी कागद घेऊन पळत शाळेच्या स्वयंपाकघरात गेलो. धापा टाकत मी तो बर्निससमोर मोठ्यानं वाचला, पोस्टात वाचला, ड्वेनच्या अंगणात पाकाच्या धुरात उभं राहून वाचला. "दोन्ही सभागृहांनी मंजूर केलंय! वर सही आहे! हे तीन शब्द माझ्यामुळे आहेत, ड्वेन! राज्याच्या कायद्यात!"

"किती दिवसांचा कायदा?" ड्वेननं विचारलं.

"तीन."

"गुरुवारपर्यंत तुझ्याशी जपून बोललं पाहिजे," तो म्हणाला.

फ्रेमवाल्याकडे त्याच दिवशी कागद टाकला, पण त्याला चार दिवस लागतात म्हणे. गुरुवारी दुपारी तो कायदा संपला. त्याच्या जागी चौथं वाढीव आलं, त्यात शब्द परत बदलले होते, पण आता मासे 'सर्व सजीव' या सदरात सुखरूप होते. शुक्रवारी संध्याकाळी मी फ्रेम घरी आणली. बर्निसनं स्टूल धरलं, मी वर चढलो. हातोडी मारण्याआधी तिनं फ्रेम माझ्याकडून खाली मागून घेतली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा पूर्ण वाचली. कलम चारवर तिचं बोट थांबलं.

मग तिनं ती परत वर दिली.

"खिळा नीट खोल ठोक," ती म्हणाली. "एवढं तरी टिकू दे."